इंजिनाचे आयुर्मान

माणसाचे आयुष्य वर्तविणारे ज्योतिषी आपल्या देशात गल्लोगल्ली भेटतात. मोटारीच्या इंजिनाचे आयुष्य सांगणारा मात्र भेटत नाही. तरीही हा प्रश्न आज पुष्कळांच्या मनात घोळत असतो. दक्षिण दिल्लीत मुनिरका नावाचे एक जुने गाव आहे. शहराने ते केव्हाच पोटात घेतले. एका अंगाला गावठाणातल्या अरुंद गल्ल्या, दुसऱ्या अंगाला दिल्ली विकास प्राधिकरणाच्या सदनिका आणि जवळून अहोरात्र वाहणारा बाह्य रिंगरोड, असे त्याचे आजचे रूप आहे. तेथे हा प्रश्न दोन प्रकारची माणसे विचारतात. इंजिनात फेरफार करून गाडीचा वेग वाढवू पाहणारा तरुण विचारतो, "एवढी शक्ती वाढविल्यावर हे टिकेल किती?" आणि पोटाला चिमटा घेऊन गाडी घेतलेला गृहस्थ विचारतो, "हिला अजून काही झालेले नाही, मग हिचे दिवस भरले असे कोण ठरवितो?" दोघांचेही उत्तर एका इतिहासात दडलेले आहे, आणि त्या इतिहासाचा आरंभ मुंबईत होतो.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० ही मोटार बाहेर पडू लागली, आणि कालांतराने तीच पद्मिनी या नावाने घरोघरी ओळखीची झाली. तिचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. शक्ती चाळीसच्या आसपास अश्वशक्ती. म्हणजे दर लिटरमागे चाळीसाहूनही थोडी कमीच. आजच्या हिशेबाने ही मिळकत फारच बेताची. परंतु हेच इंजिन दोन अगदी भिन्न संसारांत नांदले. एक संसार मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचा, दुसरा शर्यतीचा.

त्या काळी आपल्याकडे शर्यतीसाठी बांधलेला मार्ग नव्हता. मुंबईत जुहूच्या विमानतळाची धावपट्टी, मद्रासजवळ शोलावरमची युद्धकालीन धावपट्टी, अशा ठिकाणी मोटारी पळत. १९३२ साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला विमान उतरविले, तेथेच पुढे हौशी मंडळी आपल्या फियाट गाड्या पिटाळू लागली. गाडी तीच, जी सोमवारी कचेरीत जाई. पण तत्पूर्वी तिच्या इंजिनावर बरेच संस्कार होत. सिलिंडरचे डोके घासून संपीडन वाढवायचे, झडपा अधिक उघडाव्यात आणि अधिक वेळ उघड्या राहाव्यात म्हणून कॅमशाफ्ट बदलायचा, मोठा कार्ब्युरेटर बसवायचा, हवेचे मार्ग घासून गुळगुळीत करायचे. या साऱ्यांचा हेतू एकच: एका मिनिटात इंजिनाने अधिक हवा आणि अधिक पेट्रोल गिळावे.

येथे थोडे यंत्रशास्त्र सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. इंजिनाचा पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा क्षणभर थांबतो आणि दोनदा उलट्या दिशेने धावत सुटतो. या थांबण्या-धावण्याचा ताण त्याला जोडलेल्या दांड्यावर पडतो, आणि तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्यांचे इंजिन सात हजारांवर नेले, तर वेग दीडपटीहूनही कमीच वाढला; पण ताण जवळजवळ दुप्पट झाला. त्यात संपीडन वाढल्याने उष्णता वाढते, पेट्रोल अवेळी पेटून पिस्टनच्या माथ्यावर घाव बसू लागतात, बेअरिंगवरचा तेलाचा केसाहूनही पातळ पडदा फाटण्याची वेळ येते. ज्या इंजिनाने टॅक्सीत वर्षानुवर्षे निमूटपणे काम केले असते, ते शर्यतीत काही फेऱ्यांतच उघडून पाहावे लागते. शक्ती फुकट मिळत नाही. ती इंजिनाच्या पुढल्या आयुष्यातून आगाऊ उचललेली असते.

या उचलीची परिसीमा १९८० नंतरच्या दशकात युरोपात झाली. फॉर्म्युला वन या सर्वोच्च शर्यतीत तेव्हा टर्बो इंजिनांचे युग अवतरले. बीएमडब्ल्यू कंपनीच्या अवघ्या दीड लिटरच्या, चार सिलिंडरच्या इंजिनाने १९८३ साली नेल्सन पिके यास जगज्जेता केले. गंमत अशी की, या इंजिनाचा मूळ ठोकळा साध्या रस्त्यावरच्या मोटारीच्या ठोकळ्यावरूनच घेतलेला होता. पुढे आरंभीची जागा ठरविणाऱ्या फेरीपुरते यातून हजाराहून अधिक अश्वशक्ती काढीत, आणि त्या दोन-चार चकरा संपल्या की इंजिनही संपे. एका संध्याकाळपुरते आयुष्य! पण ते आयुष्य कोणी चुकून कमी केलेले नव्हते. हिशेब करूनच तेवढे दिलेले होते.

पुढे खर्च आवाक्याबाहेर गेला, आणि नियम करणाऱ्यांनी या हिशेबात हात घातला. २००४ साली ठरले की, एका शर्यतीच्या तिन्ही दिवसांत एकच इंजिन वापरावे. २००५ साली तेच इंजिन दोन शर्यतींना पुरविण्याची सक्ती आली. २००९ पासून एका चालकास संपूर्ण हंगामात आठच इंजिने मिळू लागली; अधिक लागले तर आरंभीची जागा मागे सरकविण्याची शिक्षा. ही शर्यत ३० ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीच्या दाराशी, ग्रेटर नोएडातील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर आली, तेव्हा पाच किलोमीटरांहून किंचित लांब असलेल्या त्या मार्गाच्या साठ चकरा मारणारी इंजिने याच नियमाखालची होती. २.४ लिटरची, आठ सिलिंडरची आणि मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर नियमानेच अडविलेली. दर लिटरमागे तीनशेच्या घरात अश्वशक्ती, म्हणजे आपल्या फियाटच्या सातपटीहून अधिक. त्या वर्षी १९ शर्यती होत्या. म्हणून एका इंजिनाच्या वाट्याला सरासरी दोन ते अडीच शर्यती आल्या. २०१८ मध्ये शर्यती २१ आणि इंजिने केवळ तीन. म्हणजे एकेकाला सात शर्यती. इंजिने दुर्बळ झाली म्हणून ती अधिक टिकली, असे मुळीच नव्हे. टिकण्याची मागणी केली गेली, म्हणून ती टिकाऊ घडविली गेली.

आता मुनिरक्याच्या तरुणाला उत्तर देता येते. संयमाने, योग्य भाग घालून, तेल आणि थंडाव्याची तितकीच सोय करून शक्ती थोडी वाढविली आणि ती क्वचितच वापरली, तर इंजिन मूळच्या आयुष्याच्या जवळपास जाऊ शकते. पण दर लिटरमागे शर्यतीची शक्ती हवी असेल, तर आयुष्यही शर्यतीचेच मिळणार, आणि ते किलोमीटरांत नव्हे, तासांत मोजावे लागणार. शिवाय कायद्याचा प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ लावताना जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ रचनेहून वेगळे ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही.

त्या गृहस्थाचा प्रश्न अधिक अवघड आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली दिल्लीत १५ वर्षांवरील वाहनांना, आणि २०१५ साली राजधानी परिसरात १० वर्षांवरील डिझेल वाहनांना मज्जाव केला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यास दुजोरा दिला. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने हा विषय पुन्हा हाती घेतला, आणि वयाबरोबरच वाहन कोणत्या उत्सर्जन-मानकाचे आहे हेही विचारात घेतले. गृहस्थ म्हणतो, माझी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरही धावत नाही. तिचे दिवस कसे भरले? त्याचे म्हणणे यंत्रशास्त्राला धरून आहे. इंजिन वर्षांनी झिजत नाही, कामाने झिजते. परंतु शासनाला जे मोजता येते तेच नियमात घालता येते. नोंदणीपुस्तकात जन्मतारीख असते, झीज नसते. आणि ज्या हवेत मुनिरक्याची मुले हिवाळ्यात श्वास घेतात, तिच्या दृष्टीने इंजिन किती धडधाकट आहे याहून त्याच्या नळकांड्यातून काय बाहेर पडते, हे महत्त्वाचे. तेव्हा न्याय्य मोजमाप कोणते, तर वयाचे नव्हे आणि वेगाचेही नव्हे, तपासणीचे. प्रामाणिक तपासणीची यंत्रणा जितकी उभी राहील, तितकी जन्मतारखेची सद्दी संपेल.

मुंबईतही अखेर शब्द नोंदणीपुस्तकाचाच ठरला. फियाटचे ते चाळीस अश्वशक्तीचे इंजिन टॅक्सीत कित्येकदा बोअर करून घेतले गेले, नव्या मापाचे पिस्टन त्यात बसले, पुढे कित्येक गाड्या नैसर्गिक वायूवर धावल्या. कारखाना बंद झाला तरी टॅक्सी चालतच राहिली, कारण कोपऱ्यावरचा मिस्त्री तिला उघडू शकत होता आणि चालक तिच्याकडून रोजच्या भाकरीपुरतेच मागत होता. तारदेवच्या कचेरीत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. जुहूच्या धावपट्टीवर त्याच जातीचे इंजिन एका दुपारी जिंकून थकले. येथे ते दोन दशके चालून, थकण्यापूर्वीच थांबविले गेले.