पान मांडवाला, फूल माणसाला: थेरगाव परिसरातील लग्नसजावट
पिंपरी-चिंचवडच्या पवना नदीकाठच्या गावांत लग्नाची सजावट मुहूर्तमेढीपासून सुरू होते. अंगणात खड्डा घेऊन मेढ रोवतात, तिला आंब्याचा टहाळा, हळकुंड आणि सुपारी बांधतात, आणि मगच मांडवाच्या कामाला हात लावतात. थेरगाव, वाकड, ताथवडे, रहाटणी ही गावे शेतीवर जगत होती तोवर मांडव घरापुढेच घालत आणि त्याचे सारे साहित्य आसपासच्या शिवारातून येई. मेढी, बांबू, त्यांवर आडव्या काठ्या आणि सगळ्यांवर पसरलेला हिरवा पाला, एवढीच त्याची रचना असे. वैशाखातल्या उन्हात वऱ्हाडाच्या डोक्यावर सावली धरणे हे त्याचे पहिले काम. तो शोभिवंत दिसे, कारण तो ताजा असे.

हा पाला आणण्याचाच एक समारंभ झाला. मावळ, मुळशी आणि हवेली या भागांत त्याला मांडवडहाळे म्हणतात. लग्नाच्या आधी भावकीतली माणसे बैलगाडी घेऊन शिवारात जात आणि जांभळाच्या, आंब्याच्या, उंबराच्या फांद्या तोडून गाडीत भरत. बैलांच्या अंगावर झुली, गळ्यात घुंगरमाळा, शिंगांना रंग. गाडी वाजतगाजत गावात शिरे, मारुतीच्या देवळापुढे थांबे आणि मग लग्नघरी येई. डहाळे कोणी आणायचे हा मानाचा प्रश्न होता. ज्याची बैलजोडी गाडीला जुंपली त्याचा सत्कार होई, आणि मान चुकला तर रुसवेफुगवेही होत. म्हणजे सजावट ही विकत घेण्याची वस्तू नव्हती; नात्यातल्या माणसांनी मिळून केलेले ते काम होते. या परिसराच्या लग्नसोहळ्यातली ही सर्वांत देखणी गोष्ट म्हणावी लागेल, कारण तिच्यात सजवणारे आणि सजावट पाहणारे वेगळे नव्हते.

मांडवावर फुलांऐवजी पाने का, याचे उत्तर ऋतूत आहे. लग्ने तुळशीविवाहानंतर सुरू होतात, पण शेतकऱ्याला सवड मिळते ती रब्बीची पिके निघाल्यावर, चैत्र-वैशाखात. झेंडूचा आणि शेवंतीचा भर दसऱ्यापासून थंडीपर्यंतचा. उन्हाळ्यात मोगरा फुलतो, पण तो नाजूक आणि थोडा. त्याने मांडव झाकला जात नाही. जांभळाचे आणि आंब्याचे पान मात्र जाड, चिवट आणि तोडल्यावरही लवकर मलूल न होणारे. देवकात, म्हणजे लग्नात पुजल्या जाणाऱ्या कुळाच्या चिन्हातही, पंचपल्लव लागतात ते झाडांचेच, आणि कुळागणिक देवकाचे झाड ठरलेले असते. शिवाय आज लग्नाशी जोडली गेलेली झेंडू आणि गुलछडी ही दोन्ही मूळची मेक्सिकोतली. सोळाव्या शतकानंतर ती भारतात रुजली. मराठी लग्नाच्या सजावटीतला जुना धागा पानांचा आहे, फुले त्यात नंतर ओवली गेली.

फुलांची जागा माणसाच्या अंगावर होती. नवरीच्या केसांत गजरा किंवा वेणी, दोघांच्या कपाळावर मुंडावळ्या, हातात हार. नवऱ्याचे बाशिंग भेंडाचे असे. हे पाणवनस्पतीचे पांढरे, अत्यंत हलके खोड कोरून त्यावर रंगीत कागद आणि बेगड चिकटवत. मुसलमान घरांत हीच जागा फुलांच्या सेहऱ्याची होती. बाकीच्या शोभेचा भार बलुतेदारांवर पडे. परीट पायघड्या घाली, कुंभार रंगवलेली मडकी आणून देई, गुरव पत्रावळी पुरवी, आणि प्रत्येकाला त्याचा ठरलेला मान मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ हा ग्रामव्यवस्थेवरचा ग्रंथ लिहिला तेव्हा ही व्यवस्था ढिली होऊ लागली होती, तरी उभी होती. ती उभी होती ती जातींच्या उतरंडीवर, हेही सांगायला हवे. मांडव सजवणाऱ्या अनेकांना त्या मांडवात बसण्याचा समान अधिकार नव्हता.

पुण्यात चित्र वेगळे होते. पेशवाईच्या काळात शहरात फुलांना रोजची आणि श्रीमंत मागणी होती, आणि ती भागवणारा स्वतंत्र धंदा उभा राहिला. महात्मा जोतीराव फुले यांच्या घराण्यातल्या वडीलधाऱ्यांनी पेशव्यांना हार, गजरे आणि फुलांच्या गाद्या पुरवल्या, आणि त्या धंद्यावरूनच गोऱ्हे हे आडनाव मागे पडून फुले हे नाव रूढ झाले. पुढे जोतीरावांनीच लग्नातला डामडौल आणि भटजीची गरज या दोन्हींना हात घातला. त्यांनी स्थापलेल्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लागले, अगदी किरकोळ खर्चात.

थेरगावच्या आसपासचे जग बदलले ते कारखान्यांमुळे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली सुरू झाली, १९६० च्या दशकात टेल्को आणि बजाज ऑटो आले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ साली महापालिका. मराठवाडा, खानदेश, सातारा, कोकण इथून कामगार आले आणि आपापल्या लग्नाच्या रीती घेऊन आले. आंबेडकरी वस्त्यांत बौद्ध पद्धतीची लग्ने होऊ लागली. तिथे बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमांपुढची फुले आणि मेणबत्त्या हीच सजावट. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे पिंपरी कॅम्पात वसली होती, आणि तिथली बाजारपेठ लग्नाच्या खरेदीचे ठिकाण बनली.

चाळीत आणि कंपनीच्या वसाहतीत अंगण नव्हते, भावकी गावी राहिली होती, आणि डहाळे तोडायला स्वतःचे शिवारही नव्हते. तेव्हा मांडव रस्त्यावर आला आणि तो घालायला मंडपवाला आला. बांबू, कनाती, छताचे रंगीत कापड, झालरी, आधी गॅसबत्त्या आणि मग विजेच्या माळा: हे सामान त्याच्याकडे भाड्याने मिळे. पुण्यात या धंद्याला १८९३ पासूनच्या सार्वजनिक गणेशोत्सवाने मोठा आधार दिला होता. भाद्रपदात जे बांबू गणपतीच्या मंडपाला, तेच मार्गशीर्षात लग्नाला. थर्माकोलची मखरे आणि महिरपीही उत्सवातूनच लग्नाच्या स्टेजवर आल्या. इमारतींत मुहूर्तमेढ कुंडीत किंवा वाळूच्या डब्यात रोवली जाऊ लागली.

नंतर लग्न मंगल कार्यालयात गेले, आणि जमिनीचे भाव चढले तशी वाकड, ताथवडे, पुनावळे या भागांत लॉन्स उभी राहिली. मोकळ्या हिरवळीवर हजारभर माणसे बसतात, तिथे चार बाजूंच्या तोरणाने काही भरत नाही. स्टेजची मागची बाजू, प्रवेशाची कमान, चालत येण्याची वाट असे सजवण्याचे मोठे पृष्ठभाग तयार झाले आणि फुलांची मागणी पूर्वी कधी नव्हती इतकी वाढली.

ती भागली मावळामुळे. तळेगाव दाभाड्याजवळ औद्योगिक विकास महामंडळाने फुलशेतीसाठी खास क्षेत्र राखले आणि भोवतालच्या गावांत हरितगृहे उभी राहिली. मावळची हवा थंड, पाणी जवळ, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गामुळे दोन्ही शहरांचे बाजार काही तासांवर. इथला लांब दांड्याचा गुलाब फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी जातो. उरलेल्या हंगामात देशातली लग्ने हा मोठा आधार. जरबेरा, कार्नेशन आणि हे गुलाब हरितगृहात वर्षाचे बाराही महिने निघतात. ज्या वैशाखात पूर्वी मांडव झाकण्याइतकी फुले मिळत नव्हती त्यात आता भिंतभर फुले लावता येतात. मांडवावरचे पान मागे सरकून फूल पुढे आले ते या टप्प्यावर.

कामाची पद्धतही बदलली. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात झेंडू आणि शेवंती किलोवर विकतात, डच गुलाब वीस नगांच्या गड्डीने, लिलियम आणि ग्लॅडिओलस काड्यांवर. सजावटकार पहाटे माल उचलतात, काड्या बादलीत पाण्यात ठेवतात, आणि बहुतेक काम आदल्या रात्री करतात. पूर्वी केळीच्या खांबात फूल खोचत. आता पाणी धरून ठेवणारा फोम वापरतात, जो १९५४ साली अमेरिकेत निघाला. हार ओवणे मात्र अजून हातानेच होते, आणि ते बरेचसे बायकाच करतात. त्यांची बोटे दोऱ्यावरून झपाट्याने फिरतात. एवढे असूनही जाहिरातींत त्यांच्या कौशल्याचा उल्लेख क्वचितच येतो.

गेल्या काही वर्षांत या धंद्याला दोनदा मोठा धक्का बसला. राज्य सरकारच्या मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीचे थर्माकोल बंद झाले, आणि त्याची जागा कापड, लाकूड आणि कागदाने घेतली. मग करोना आला. २०२० साली लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये ती २५ माणसे आणि दोन तासांवर उतरली. मावळातल्या हरितगृहांतली फुले ऐन लग्नसराईत तोडून टाकावी लागली.

आता मोठी स्पर्धा आहे ती प्लॅस्टिकच्या आणि कापडी फुलांची. ती एकदा घेतली की पुन्हा पुन्हा लावता येतात, मे महिन्याच्या उन्हात सुकत नाहीत आणि रात्रीच्या मजुरीतही बचत करतात, म्हणून अनेक सजावटकार मागच्या भिंतीला कृत्रिम आणि हाताशी येणाऱ्या जागी खरी फुले असा मेळ घालतात. त्याने फुलांचे भाव पडतात, म्हणून राज्यातल्या फूल उत्पादकांनी प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदीची मागणी लावून धरली आहे. हार, गजरा आणि वेणी यांत मात्र बहुतेक घरे अजून ताज्या फुलावरच अडून बसतात.