निवृत्तिवेतन आणि तारखेची रेघ

सचिन संस्थानाचा इतिहास एका करारापासून सुरू होतो. १७९१ साली जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील बाळूमियां याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना सोडून दिला आणि मोबदल्यात त्याला सुरतेजवळचा हा प्रदेश मिळाला. पूर्वी जे दिले, त्याची भरपाई पुढेही होत राहावी, ही त्या करारामागील कल्पना. सैनिकाच्या निवृत्तिवेतनामागेही हीच कल्पना आहे. म्हणूनच सचिनमधील या व्याख्यानासाठी मी हा विषय निवडला.

सामान्य जवान पस्तिशी-चाळिशीत सैन्यातून बाहेर पडतो. मुले शाळेत असतात, घर उभे राहायचे असते. त्यामुळे मुलकी नोकराला निवृत्तिवेतन वार्धक्याचा आधार वाटते, तर जवानाला ते अर्ध्या आयुष्याच्या संसाराचा पाया ठरते. तो पाया किती भक्कम असेल, हे मात्र त्याच्या सेवेपेक्षा निवृत्तीच्या तारखेवर अवलंबून राहिले.

१९७९ साली केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र अधिक उदार केले. परंतु सैन्यदलांसाठी त्याचा लाभ १ एप्रिल १९७९ या तारखेपासून ठेवला. आदल्या दिवशी निवृत्त झालेला सैनिक जुन्या हिशेबातच राहिला. या भेदाविरुद्धचा नाकरा खटला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे चालला. पीठाच्या अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड होते. निकालपत्र लिहिले ते गुजरात उच्च न्यायालयातून आलेल्या न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. १७ डिसेंबर १९८२ रोजी न्यायालयाने ती रेघ पुसली. निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून कर्मचाऱ्याचा हक्क आहे, हे तत्त्व त्या निकालाने दृढ केले.

तथापि प्रश्न तेथे संपला नाही. समान हुद्द्याच्या सर्वांना समान रक्कम मिळावी, असा नाकरा निकालाचा अर्थ होत नाही, असे त्याच न्यायालयाने १९९१ मध्ये माजी सैनिकांच्या खटल्यात स्पष्ट केले. पुढे प्रत्येक वेतन आयोगाबरोबर जुन्या व नव्या निवृत्तांमधील अंतर वाढत गेले. अखेर ५ सप्टेंबर २०१५ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ योजना जाहीर केली. १ जुलै २०१४ पासून ती लागू झाली. दर पाच वर्षांनी फेरआकारणी ठरली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली.

मात्र त्याच २०२२ सालच्या जूनमध्ये अग्निपथ योजना आली. तिच्यात भरती चार वर्षांसाठी असते. पंचवीस टक्क्यांपर्यंत अग्निवीरांनाच पुढे कायम सेवेत घेतले जाते. उरलेल्यांना एकरकमी सेवा निधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. पूर्वीची रेघ अधिक आणि उणे निवृत्तिवेतनामध्ये होती. ही नवी रेघ निवृत्तिवेतन असणे आणि नसणे यांमध्ये आहे.

सैन्याचे सरासरी वय कमी व्हावे, हा शासनाचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. राज्याला खर्चाचाही हिशेब करावाच लागतो. परंतु माझ्या मते, भरतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलाला आपण काय देत आहोत आणि बदल्यात काय मिळणार आहे, हे आधीच नेमके कळले पाहिजे. सुरत परिसरात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील मुलेही त्या रांगेत उभी राहतात. त्यांना हा हिशेब समजावून देणे, हे शाळेचेही काम आहे.