उद्याच्या रुपयाचं आजचं मोल

एमबीएला फायनान्स घेतलेल्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारा, कंपनीची किंमत कशी काढायची? ‘डीसीएफ’ हेच उत्तर येईल. डिस्काउंटेड कॅश फ्लो. कंपनीच्या हाती पुढच्या वर्षांत जी रोकड पडणार, तिच्यातून वाट पाहण्याची आणि जोखमीची कसर कापायची आणि उरेल त्याची बेरीज मारायची. पाठ्यपुस्तकात हे तंत्र अशा रुबाबात येतं की त्याचा जन्म वॉल स्ट्रीटवरच झाला असावा असं वाटतं. खरं तर वॉल स्ट्रीट या घराण्यात फार उशिरा आलं. त्याआधी तिथे सैनिक, चर्चची कुळं, खाणमालक, जंगल सांभाळणारे आणि रेल्वेचे इंजिनिअर नांदून गेले.

मुळाशी आहे व्याजाचा उलटा हिशोब. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) तो आहेच. दरमहा शेकडा ५ व्याजाने वर्षाअखेरीस मुद्दल आणि व्याज मिळून १००० झाले, तर मुद्दल किती? उत्तर ६२५. वर्षाने हाती येणाऱ्या हजाराचं आजचं मोल सव्वासहाशे. व्याज सरळ आहे, चक्रवाढ नाही, आणि दर सालाला तब्बल ६० टक्के, पण चाल तीच: भविष्यातून मागे यायचं. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. तेव्हा मराठी मुलुखातल्या फायनान्सच्या विद्यार्थ्याने हार्वर्डकडे बघण्याआधी चाळीसगावकडे एकदा बघायला हरकत नाही.

पन्नासेक वर्षांनी, १२०२ मध्ये, पिसाच्या लिओनार्दोने म्हणजे फिबोनाचीने ‘लिबर अबाची’ लिहिलं. भारतीय अंक युरोपच्या व्यापाऱ्यांना शिकवणारं हे पुस्तक. त्यात एका सैनिकाचं गणित आहे. राजा त्याला वर्षाला ३०० बेझंट नाणी देतो, दर तिमाहीला ७५ असे. मग राजा म्हणतो, यापुढे सगळे वर्षाअखेरीस एकदम घे. सैनिक आपला पैसा दरमहा शेकडा २ दराने फिरवू शकतो. त्याचं नुकसान किती? नुसतं सरळ व्याज धरलं तरी २७ बेझंट गेले. आकडा ३०० चा ३०० च राहिला आणि तरीही पगार कापला गेला. पगार लांबवणाऱ्या मालकांना ही युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. फिबोनाचीने ती कागदावर पकडली.

त्यानंतर बराच काळ हे ज्ञान कोष्टकांच्या रूपात पेढ्यांच्या कपाटात राहिलं. चक्रवाढ व्याजाची कोष्टकं हे धंद्याचं गुपित होतं. सिमोन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने १५८२ मध्ये अँटवर्पला ती छापून टाकली आणि ती वापरून दोन व्यवहारांतला कुठला फायद्याचा हे कसं ठरवायचं, तेही सांगितलं. इंग्लंडमध्ये १६१३ साली रिचर्ड विटचं पुस्तक आलं.

इंग्लंडात या कोष्टकांना गिऱ्हाईक कोण होतं? चर्च आणि कॉलेजं. त्यांच्या जमिनी साधारणपणे २१ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेल्या असत. दर सात वर्षांनी कूळ येई, एकरकमी नजराणा भरी आणि पट्टा पुन्हा २१ वर्षांचा करून घेई. नजराणा किती घ्यायचा? म्हणजे आजपासून चौदा वर्षांनी सुरू होणाऱ्या सात वर्षांच्या उत्पन्नाची आजची किंमत किती? जमिनीचं उत्पन्न वर्षाला १०० पौंड धरा. दर १० टक्के लावला तर नजराणा होतो १२८ पौंड. ५ टक्के लावला तर २९२. जमीन तीच, पीक तेच, कूळही तेच, आणि रक्कम दुपटीहून जास्त!

त्या काळात इंग्लंडमध्ये कायद्याने ठरवलेली व्याजाची कमाल मर्यादा खाली येत चालली होती. १६२४ ला ती १० वरून ८ झाली, शतकाच्या मध्यावर ६ आणि १७१४ मध्ये ५. मालक म्हणू लागले, आता नजराणाही नव्या दराने द्या. कुळं जुन्या रिवाजाला चिकटून बसली. दोन्हीकडून चोपडी निघाली. १६८६ मध्ये केंब्रिजला भाडेपट्ट्यांच्या नूतनीकरणाची कोष्टकं छापली गेली. हिशोबाची रीत बरोबर असल्याचा दाखला त्यांना होता खुद्द आयझॅक न्यूटनचा, आणि पुढच्या आवृत्त्या तर न्यूटनच्याच नावावर खपल्या. पण न्यूटनने दाखला दिला तो रीतीला. भांडण रीतीचं नव्हतंच, ते दराचं होतं. आणि दर कुठला घ्यायचा हे गणितातून निघत नाही. या साऱ्या कुळकथेत मला हाच धागा सगळ्यांत चिवट वाटतो.

इंग्लंडमध्येच टाइन नदीकाठच्या कोळसा खाणींचे पट्टे अठराव्या शतकात याच रीतीने तोलले जाऊ लागले. जर्मनीत मार्टिन फाउस्टमान या वनतज्ज्ञाने १८४९ मध्ये जंगलाच्या जमिनीची किंमत काढण्याचं सूत्र मांडलं. आज लावलेलं झाड नातवाने तोडायचं, मग जमिनीला आज काय द्यायचं? ८० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचं आजचं मोल ३ टक्क्यांनी ९ रुपये ४० पैसे होतं, ६ टक्क्यांनी जेमतेम ९५ पैसे. दर जरासा हलला की अख्खं जंगल आडवं. अमेरिकेत आर्थर वेलिंग्टन या इंजिनिअरने १८७७ मध्ये रेल्वेमार्गाच्या आखणीचं अर्थशास्त्र लिहिलं. बोगदा खोदून आज खर्च करावा, की वळसा घालून वर्षानुवर्षं जादा कोळसा जाळावा, असले त्याचे प्रश्न.

अर्थशास्त्रज्ञ यानंतर आले. येल विद्यापीठाच्या आयर्व्हिंग फिशरने १९०७ आणि १९३० च्या आपल्या ग्रंथांत या हिशोबाला सिद्धान्ताचं बळ दिलं: कुठल्याही मालमत्तेची किंमत म्हणजे तिच्यापासून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नाचं आजचं मोल. हाच फिशर १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार आता वरच्या पठारावर स्थिरावला आहे असं जाहीरपणे सांगत होता. काही दिवसांत बाजार कोसळला आणि त्यात त्याची स्वतःची संपत्तीही गेली.

त्या पडझडीचं कोडं सोडवायला जॉन बर विल्यम्स हा रोखे-विश्लेषक १९३२ मध्ये पुन्हा हार्वर्डला विद्यार्थी झाला. शेअरची ‘खरी’ किंमत हा विषय त्याला सुचवला अर्थशास्त्रज्ञ योसेफ शुम्पेटरने. पुढे मिळणाऱ्या सगळ्या लाभांशांचं आजचं मोल म्हणजे शेअरची किंमत, असं विल्यम्सने मांडलं. प्रकाशकांनी बीजगणित फार आहे म्हणून पुस्तक परत केलं. शेवटी १९३८ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं, तेही छपाईच्या खर्चातला वाटा लेखकाने उचलायच्या अटीवर. आज मूल्यांकनाचं कुठलंही पाठ्यपुस्तक या माणसाच्या खांद्यावर उभं आहे. त्याचं नाव मात्र विद्यार्थ्यांच्या कानावर क्वचितच पडतं.

शिकागोच्या ग्रंथालयात हे पुस्तक वाचताना हॅरी मार्कोविट्झ नावाच्या विद्यार्थ्याला प्रश्न पडला. फक्त अपेक्षित मोलच बघायचं असेल, तर सगळा पैसा एकाच सर्वोत्तम शेअरमध्ये घालायला हवा. मग लोक चार ठिकाणी का वाटतात? यातून जोखीम मोजण्याचा त्याचा १९५२ चा निबंध आला. त्याच वाटेने विल्यम शार्पने १९६४ मध्ये जोखमीनुसार दर किती असावा याचं सूत्र दिलं. दराच्या भांडणावर प्रथमच कुणीतरी तोडगा मांडला होता. मधल्या काळात कोलंबिया विद्यापीठाच्या जोएल डीनने १९५१ च्या ‘कॅपिटल बजेटिंग’मधून हे तंत्र कारखान्यांच्या संचालक मंडळांपर्यंत नेलं होतं. तोवर बहुतेक ठिकाणी ‘पैसे किती वर्षांत वसूल?’ एवढाच हिशोब चाले.

सूत्र वर्गात पोचलं, वर्गातून ऑफिसात गेलं. जॉन ग्रॅहम आणि कॅम्पबेल हार्वी यांनी अमेरिकेतल्या ३९२ वित्त-प्रमुखांना विचारून २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे तीन-चतुर्थांश जण आजच्या मोलाचा हिशोब नेहमी किंवा जवळपास नेहमी करत होते. मात्र परदेशातला प्रकल्प तोलताना, तिथली जोखीम वेगळी असूनही, जवळपास ५९ टक्के जण नेहमी किंवा जवळपास नेहमी तोच एक दर लावत होते, जो कंपनी स्वतःसाठी वापरते.