रांगेपुढची कला : प्रस्तावना

मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि चौलच्या दत्ताच्या टेकडीखाली पाच दिवसांची यात्रा भरते. रेवदंड्याहून, नागावहून, खाडीपलीकडच्या कोर्लईहून माणसं लोटतात. या गर्दीत फुगेवाला असतोच. त्याला कलावंत म्हणायची आपल्याकडे रीत नाही. पण मुलांचे चेहरे रंगवणं आणि लांब फुग्यांना पीळ देऊन प्राणी घडवणं, म्हणजेच फेस पेंटिंग आणि बलून ट्विस्टिंग, ज्याला शिकायचं आहे त्यानं आधी थोडा वेळ त्याच्याजवळ उभं राहावं. एका पोराच्या हातात फुगा देताना दुसऱ्याचं बोट कशाकडे वळलं, तिसऱ्याची आई घासाघीस करणार की पोराला ओढत पुढे नेणार, हे त्यानं ताडलेलं असतं. हात फुग्यावर, डोळा रांगेवर.

या दोन्ही विद्यांविषयी मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे: या रांगेपुढच्या कला आहेत. रंग कोणता, ब्रश केवढा, वाघाला पट्टे किती, फुग्याच्या कुत्र्याला पीळ किती, हे सगळं दोन गोष्टींवर ठरतं. समोरचं मूल किती वेळ स्वस्थ बसेल आणि त्याच्यामागे किती मुलं ताटकळत आहेत. चार-पाच मिनिटांत चेहरा हातावेगळा व्हायला हवा. घरी निवांत बसून अर्ध्या तासात देखणं फुलपाखरू रंगवणारीचा हात चांगला असेलही. वाढदिवसाला मात्र तिच्यापुढची रांग बंड करून उठते.

चेहरा रंगवणं आपल्याला नवं नाही. शिमग्यात कोकणभर सोंगं निघतात, बहुरूपी रूप पालटून दारोदार फिरत आला, तळकोकणातला दशावतारी नट तर आपला चेहरा आपणच रंगवतो. मुलांसाठी रंगलेल्या चेहऱ्यांनाही मराठीत मोठी पूर्वपीठिका आहे. सुधा करमरकरांनी १९५९ साली लिटल थिएटर उभं केलं. रत्नाकर मतकरींनी बालनाट्याला आयुष्याचा मोठा काळ दिला. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण एका अख्ख्या पिढीला घाबरवून आणि हसवून गेली. तरी या परंपरेचा फेस पेंटिंगशी सांधा जोडताना जपून राहावं. रंगभूषा शेवटच्या खुर्चीतल्या प्रेक्षकाला दिसावी म्हणून ठळक असते आणि तिला रंगपटातला निवांतपणा मिळतो. इथे प्रेक्षक हातभर अंतरावर मोबाइल रोखून उभा असतो, आणि ज्याचा चेहरा रंगतो आहे त्याला स्वतःला काहीच दिसत नसतं. त्याला आरसा मिळतो तो सगळं संपल्यावर.

वाघाचा चेहरा जवळून पाहू, कारण मागणी त्यालाच सर्वाधिक. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा. त्यातून थेंब गळला तर रंग गालावरून ओघळलाच म्हणून समजा. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाच्या वडीवर, धंद्यातल्या बोलीत केकवर, तो फिरवून आधी चेहऱ्याच्या मध्यावर पिवळा, मग कडेनं नारिंगी. भुवयांच्या वर आणि ओठांच्या भोवती पांढरा. तेवढ्यात पिवळा वाळलेला असतो. आता गोल ब्रश काळ्या रंगात साईइतका दाट भरून घ्यायचा आणि पट्टा बाहेरून आत ओढायचा: कानशिलाशी दाब देऊन जाड, आत येता येता दाब काढत निमुळता. कपाळ आणि गाल आधी, डोळे आणि ओठ शेवटी. डोळ्यांजवळ ब्रश आला की मूल मिचकावतं, ओठांजवळ आला की हसतं. क्रम असा ठेवण्याचं खरं कारण मात्र वेगळं आहे. मूल कुठल्याही क्षणी खुर्चीवरून उठून पळू शकतं, म्हणून चित्र प्रत्येक टप्प्यावर पुरं दिसलं पाहिजे. नुसता पिवळा-पांढरा मुखडा घेऊन पळालेला वाघही वाघच वाटला पाहिजे. चित्रकला महाविद्यालयात हे कुणी शिकवत नाही.

मेंदी काढणाऱ्या मुली इकडे वळतात तेव्हा त्यांची निम्मी वाट आधीच सरलेली असते. मनगट सैल असतं, रेघेला भीती नसते. कोन दाबून रेघ सोडायची सवय मोडून ब्रश ओढायची लावावी लागते, ते काही दिवसांत जमतं. त्यांची खरी अडचण म्हणजे बारकाव्यांचा सोस. नववधूच्या तळहातावर जो गुण, तो पाच वर्षांच्या घामट गालावर दोष ठरतो.

आता रंगाविषयी, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. शाळेच्या दप्तरातले पोस्टर कलर, ॲक्रिलिक, रांगोळीचे रंग यांपैकी काहीही मुलाच्या चेहऱ्यावर लावायचं नाही. बाटलीवर ‘विषारी नाही’ असं छापलेलं असलं, तरी तो रंग कागदासाठी आहे. कातडीसाठी वेगळी कसोटी असते. सौंदर्यप्रसाधनांतल्या रंगद्रव्यांसाठी भारतीय मानक ४७०७ आहे आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम आहेत; वडी विकत घेताना ती या जातीची आहे ना, हे पाहावं. केरळात त्रिशूरला ओणमच्या दिवसांत पुलिकळी होते, उडुपीकडे नवरात्रात हुलिवेष निघतात. मोठी माणसं अंगभर वाघ रंगवून घेतात आणि दारा-खिडक्यांचा तेलकट रंगही अंगावर सोसतात. तो त्यांचा निग्रह. मुलाकडून त्याची अपेक्षा करण्याचा हक्क कुणालाच नाही. चकाकीसाठी ग्लिटर हवंच असेल तर चेहऱ्यासाठी बनवलेलं बारीक घ्यावं. हस्तकलेच्या दुकानातलं डोळ्यात गेलं तर बुबुळाला ओरखडा उठू शकतो. प्रत्येक मुलाला वेगळा स्पंज. आधी मनगटावर ठिपका लावून थोडं थांबावं आणि आईला विचारावं. नाक वाहत असेल, डोळे आले असतील, गालावर पुरळ असेल, तर चेहऱ्याला नकार द्यावा आणि मूल नाराज होऊ नये म्हणून हातावर मासा काढून द्यावा. कोळीवाड्यातल्या पोरांना पापलेट आणि सुरमई यांतला फरक तुमच्यापेक्षा जास्त कळतो, एवढं ध्यानात असू द्या.

फुग्याचा इतिहास विज्ञानाच्या दारातून येतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेनं १८२४ साली रबराचे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून कडा दाबल्या, आतून चिकटू नये म्हणून पीठ लावलं आणि त्यात हायड्रोजन भरला. पुढे फुगा खेळणं झाला, पण तो हायड्रोजन काही सुटला नाही. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांच्यापासून जागच्या जागी वायू तयार करणारी नळकांडी जत्रांत फुटून माणसं दगावली आहेत. हायड्रोजन पेट घेतो, हेलियम घेत नाही. पीळ देण्याच्या कलेला दोन्ही लागत नाहीत. हातपंपाची हवा पुरते.

यात सर्वाधिक चालणाऱ्या लांब फुग्याला २६० म्हणतात: फुगवल्यावर जाडी सुमारे २ इंच, लांबी ६०. तो पुरा फुगवायचा नाही, टोकाला शेपूट रिकामी सोडायची. पीळ दिला की हवेला पुढे सरकायला जागा लागते, ती तिथे मिळते. पीळ गाठीच्या बाजूनं सुरू करायचे, सगळे एकाच दिशेनं. दिशा बदलली की आधीचे सुटतात. कुत्रा करताना तोंडाचा एक आणि कानांचे दोन असे तीन मणी पाडून दोन्ही कान मुळाशी एकत्र पिळले की डोकं बसतं. मग मान आणि पुढचे दोन पाय, मग पोट आणि मागचे दोन पाय, तीच युक्ती. उरते ती शेपूट. कुत्रा जमला की जिराफ आपोआप येतो, फक्त मान लांबवायची. तलवार सर्वांत सोपी आणि सर्वांत घातक. दोन भावांना तलवारी दिल्या की तुमचा पुढचा अर्धा तास त्यांच्या भांडणात जातो.

रेवदंड्याच्या किनाऱ्यावर काम करणाऱ्याला पुस्तकात न सापडणारे नियम लागतात. दुपारच्या उन्हात आतली हवा फुगते, म्हणून इथे फुगा नेहमीपेक्षा ढिला ठेवायचा. फुगा उन्हात राहिला की त्याची चकाकी जाऊन तो धुरकट होतो. काळसर वाळू तापलेली असते, तिच्यावर टेकला की फुटला. खारा, दमट वारा रंग लवकर वाळू देत नाही, तेव्हा थर पातळ ठेवायचा. किल्ल्याच्या तटाची किंवा नारळीच्या वाडीची सावली मिळाली तर रिसॉर्टवाल्याच्या शोभिवंत छत्रीला नम्रपणे नकार द्यावा.

फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र लगेच वेचायचे. ते लहान मुलाच्या घशात अडकतात आणि श्वास कोंडतो. फुगवलेल्या फुग्यापेक्षा फुटलेला जास्त धोक्याचा. अगदी लहानग्यांच्या हाती फुगा द्यायचाच नाही. शिवाय याच रायगड जिल्ह्यात दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. समुद्रात गेलेलं रबर त्यांच्या पोटात जाऊ शकतं. फुगे आकाशात सोडण्याचा कार्यक्रम कुणी मागितला तर स्वीकारू नये, बिदागी कितीही असो.

कामाला तोटा नाही. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येणारी कुटुंबं, होमस्टेतले वाढदिवस, गोकुळाष्टमी, गणेशोत्सव, शाळांची स्नेहसंमेलनं. सुरुवात करणाऱ्यानं पाच चेहरे आणि चार फुगे पक्के करावेत आणि त्यांची चित्रं फलकावर लावावीत. फलक नसेल तर प्रत्येक मूल खुर्चीवर बसल्यावर विचार करू लागतं, आणि तो विचार फार लांबतो. सहावा चेहरा मागणारं येतंच. त्याच्यासाठी फलकावरच्या वाघाला निळा रंग द्यावा.

राहता राहिलं रांग बंद करणं. वेळ संपायच्या वीस मिनिटं आधी शेवटच्या मुलाच्या डोक्यावर फुग्याचा मुकुट ठेवायचा आणि नवीन येणाऱ्यांना ‘आता संपलं’ असं सांगायचं काम त्याच्यावर सोपवायचं. तुम्ही सांगितलं तर आया वाद घालतात. मुकुटवाल्याशी घालत नाहीत.