सातबारा अजून आजोबांच्याच नावावर? वारस नोंद अशी लावून घ्या

नातेपुते (ता. माळशिरस) : आजोबा जाऊन तीस वर्षं झाली, वडीलही गेले, जमीन नातू कसतोय, पण उतारा काढला की नाव आजोबांचंच. असे सातबारे गावोगावी आजही निघतात. रोजच्या शेतीत त्यानं काही अडत नाही. अडतं ते पीककर्ज काढताना, शेतकरी ओळख क्रमांक घेताना आणि भूसंपादनात. आळंदी-पंढरपूर पालखी महामार्ग नातेपुते परिसरातूनच जातो. महामार्गाच्या मोबदल्यावरून वारसांत वाद झाला, तर वाटणीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाकडे जातो आणि पैसे लांबतात.

मुंबईचे पाहुणे ‘प्रोबेट काढलं का?’ असं विचारतात. मृत्युपत्र इथंच केलेलं आणि जमीनही इथलीच असेल, तर त्याची सक्ती नाही. इथं खरी राहून गेलेली गोष्ट असते ती वारस नोंद.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवावं, असं जमीन महसूल संहितेचं कलम १४९ सांगतं. मुदत उलटली म्हणून हक्क बुडत नाही. मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं शपथपत्र आणि आधार घेऊन अर्ज करता येतो. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही होतो. वारसांची नावं आधी गाव नमुना ६-क मध्ये लागतात, मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. वारस नोंदीला मुद्रांक शुल्क नाही. एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम याच कामासाठी होती; त्यात राहिलेल्यांनाही नेहमीचा अर्ज करता येतो.

दोन पिढ्या राहिल्या असतील तर थेट नातवाचं नाव लागत नाही. आधी आजोबांचे सगळे वारस, मग वडिलांचे. खरी गाडी अडते ती इथंच, कारण आजोबांच्या वारसांत आत्याही येते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. आत्या आजोबांनंतर वारली असेल तर तिची मुलं आणि नवरा येतात. वडिलोपार्जित जमिनीतही मुलीचा हक्क जन्मानंच आहे, मग ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असोत वा नसोत. सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० ला ते स्पष्ट केलं. आजोबा १९५६ च्या आधी वारले असतील तर मात्र जुना कायदा लागतो, तेव्हा मृत्यूची तारीख आधी शोधा.

‘बहिणीचं लग्नात दिलं’ म्हणून शपथपत्रात नाव गाळणं सर्रास चालतं. ते खोटं शपथपत्र ठरतं, पुढं तीच नोंद वादात सापडते. तिला हिस्सा नको असेल तर आधी तिचं नाव लावा, मग तिच्या राजीखुशीनं दुय्यम निबंधकाकडं नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरची सही किंवा नोटरी चालत नाही.

जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढं ‘ए.कु.मॅ.’ दिसतं. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो एकटाच मालक असं नाही. त्याच्या मुलांचीच नावं वारस म्हणून लागली असतील तर धाकट्याच्या घरच्यांनी तो मूळ फेरफार नमुना सहामधून काढून बघावा.

फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. कोण वारस यावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो. बँकेतल्या ठेवीसाठी मोठी रक्कम किंवा वाद असेल तर वारसा प्रमाणपत्र मागतात, ते वेगळं. नॉमिनी असला तरी तो पैसे स्वीकारणारा. वाटा कायदेशीर वारसांचाच. नोंद मंजूर किंवा नामंजूर झाली आणि ती पटली नाही, तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडं अपील करता येतं. नातेपुतेकरांसाठी ते कार्यालय अकलूजला आहे.