कंदिलाची काच कोण पुसत असे?

१/ थोरांच्या चरित्रांत कंदिलाच्या उजेडात केलेला अभ्यास हमखास भेटतो. त्या कंदिलाची काच रोज कोण पुसत असे, याची नोंद मात्र क्वचितच सापडते. घरातल्या उजेडाच्या इतिहासाची ही दुर्लक्षित बाजू.

२/ समई व पणती यांच्या ज्योतीभोवती काच नव्हती. वातीची काजळी झाडली, तेल घातले आणि समई अधूनमधून चिंचेने घासली, की काम संपे. काळवंडे तो कोनाडा. उजेडही बेताचाच असे.

३/ १७८०च्या दशकात जिनिव्हाच्या एमे आर्गां याने गोल, पोकळ वातीभोवती काचेची नळी बसवली. तापलेली हवा नळीतून वर जाई, खालून ताजी हवा ओढली जाई आणि ज्योत स्थिर व तेजस्वी होई. १७८४मध्ये त्याला इंग्लंडमध्ये पेटंट मिळाले.

४/ १८५३मध्ये आजच्या युक्रेनमधील लव्हीव शहरात इग्नात्सी वुकाशेविच या औषधनिर्मात्याने रॉकेलचा दिवा तयार केला. १८५९मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात ड्रेकच्या विहिरीला खनिज तेल लागले. पुढे रॉकेल स्वस्त झाले आणि काचेचा दिवा सामान्यांच्या घरी, महाराष्ट्रातही, पोहोचला.

५/ या उजेडाबरोबर एक नवे काम घरात आले. हवा कमी पडली, वात फार वर चढवली किंवा वाकडी कापली गेली, की रॉकेलमधील कार्बन पूर्ण जळत नाही. तो काजळी होऊन काचेवर बसतो. ज्या काचेमुळे ज्योत उजळे, तीच मळली की उजेड अडवी.

६/ म्हणून दिवेलागणीपूर्वी रोजचा क्रम ठरलेला असे. थंड काच अलगद काढायची, कोरड्या फडक्याने किंवा चिमूटभर राखेने आतून पुसायची, वातीचे जळके टोक सरळ कापायचे, रॉकेल भरायचे. तापलेल्या काचेला पाण्याचा थेंब लागला, तर ती तडकत असे.

७/ हे काम बहुधा स्त्रियांकडे आणि मुलांकडे येई. काचेच्या अरुंद तोंडातून मोठ्यांचा हात जात नसे. लहान मुलाचा सहज जाई. काच फुटली की बोलणी बसत आणि नवी येईपर्यंत धुरकट चिमणीवर भागवावे लागे.

८/ या काचेला स्वदेशीचाही इतिहास आहे. परदेशी कंदिलांनी बाजार व्यापलेला असताना १९१६मध्ये कऱ्हाडजवळ, औंध संस्थानात, ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. पुढे त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. त्या कारखान्याच्या वसाहतीचे नाव आजही ओगलेवाडी आहे.

९/ १९६०मध्ये राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत वीज गावोगावी पोहोचत गेली. उजेड वाढलेला सर्वांना दिसला. रोजचे एक काम संपले, ते ज्यांचे संपले त्यांनाच कळले.

१०/ कारखान्याचे साल कागदोपत्री सापडते. काच पुसण्याची पाळी कोणाची असे, हे केवळ आठवणीत उरले आहे. ती आठवण असलेली पिढी अजून आपल्यात आहे. आजीला हा एक प्रश्न आजच विचारावा आणि उत्तर लिहून ठेवावे.