मिठातली मासळी आणि बर्फातली मासळी

सुकटीच्या पोत्याला लगेज तिकीट लावायचं की नाही, यावरून माझी नोकरीतली निम्मी भांडणं झाली. मी एसटीत कंडक्टर होतो. गाव किकवी, पुणे-सातारा रस्त्यावरचं. कापूरहोळ सोडलं की सारोळ्याच्या अलीकडे लागतं. भोर-महाड गाडीवर ड्युटी असली की परतीच्या फेरीला महाडात बायका पाट्या आणि पोती घेऊन चढायच्या. जवळा, बोंबील, मांदेली, खारे बांगडे. "मास्तर, हलकंच आहे हो, उचलून बघा," असं म्हणायच्या आणि ते खरंच हलकं असायचं. वासाला मात्र तिकिटाचा दर नव्हता. वरंधा घाट चढेपर्यंत गाडीतल्या शाकाहारी मंडळींचे रुमाल नाकावर असायचे. भोरच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांच्यातलाच एखादा मागे रेंगाळून हळूच भाव विचारायचा.

आम्हा घाटावरच्यांचा समुद्राशी संबंध एवढाच, पण तो एसटीपेक्षा कितीतरी जुना. भोर-वेल्ह्याच्या पश्चिम कडेवरून कोकणात उतरणाऱ्या वाटांची नुसती नावं घ्या: वरंधा, गोप्या, शेवत्या, मढे, उपांड्या. या सगळ्या महाडच्या बाजूला उतरतात. महाड सावित्रीच्या काठावर. बाणकोटच्या खाडीतून गलबतं आत यायची आणि पुढचा प्रवास बैलांच्या पाठीवर किंवा माणसांच्या डोक्यावर व्हायचा. वरून गूळ, मिरची, कडधान्य खाली जाई. खालून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येई. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचं राज्यही घाटाच्या दोन्ही अंगांना होतं. पालीचा सुधागड तालुका खाली, बाकीचे वर. १९४८ साली संस्थान विलीन झालं तेव्हा नकाशे बदलले. बाजारच्या दिवशी वाटेला लागणाऱ्या बाईला त्याचं काही नव्हतं. तिला घाट तोच होता.

या व्यापाराची किल्ली मिठात होती. जवळा आणि बोंबील लहान आणि पातळ, ते कडक उन्हात नुसते वाळतात. बांगडा तेलकट. मोरी जाड अंगाची. अशा माशाला मीठ दाबून भरल्याशिवाय तो घाट चढण्याआधीच नासायचा. म्हणून मिठाचा भाव वाढला की आमच्या बाजारातला खारा बांगडा महागायचा. शिवाजी महाराजांना हे अर्थकारण चांगलं ठाऊक होतं. १६७१ साली त्यांनी कुडाळच्या सुभेदाराला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. गोव्याच्या बारदेशातलं पोर्तुगीज मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतील आणि आपलं संगमेश्वरचं मीठ पडून राहील, तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, असा त्याचा आशय. इंग्रजांनी पुढे मिठावर असा कर बसवला की मासळी खारवणाऱ्यांचं कंबरडं मोडायची वेळ आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकारलाच किनाऱ्यावर कुंपण घातलेली आवारं उभारून तिथे मासळीपुरतं मीठ कमी दरात द्यावं लागलं. १९३० च्या मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यामागे देशभक्ती होतीच. पण ज्या किनाऱ्यावर चूल आणि धंदा दोन्ही मिठावर चालतात, तिथल्या लोकांना तो प्रश्न भाषणातून समजावून सांगावा लागला नसणार.

घाटावर या मासळीचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. मृग लागायच्या आत आगोटीची बेगमी म्हणून डब्यात सुकट-बोंबील भरून ठेवायचे. पावसाळ्यात भाजी मिळेनाशी झाली की तव्यावर सुकट परतायची, वर कांदा आणि लाल तिखट, बरोबर भाकरी. ताजा मासा म्हणजे नदीतला किंवा भाटघर धरणातला, भोई लोकांनी आणलेला: मरळ, वाम, अलीकडे रोहू-कटला आणि चिलापी. समुद्राचा ताजा मासा किकवीत माझ्या लहानपणी कुणी पाहिलेला नव्हता. पापलेट हे नाव आम्ही सिनेमाच्या गप्पांसारखं मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकायचो.

म्हणून निवृत्तीनंतर आम्ही मित्र हिवाळ्यात मालवणला निघालो तेव्हा बेत ठरला होता: किल्ला बघायचा आणि खाण्याच्या जागा एकमेकींशी ताडून बघायच्या. एक नसरापूरचा किराणा दुकानदार, एक शिरवळचा ट्रकमालक, एक भोरचा शाळामास्तर आणि मी. कोल्हापूरवरून राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसाल असा रस्ता. भांडण कापूरहोळपासूनच सुरू होतं. दुकानदार म्हणे स्वस्त तेच चांगलं, ट्रकमालक म्हणे मोठा मासा तोच मासा.

मालवणसमोरचं कुरटे बेट म्हणजेच सिंधुदुर्ग. १६६४ साली पाया घातला आणि तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. पायात शिसं ओतलेलं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यात आजही थोडी कुटुंबं राहतात. त्यांच्याकडचं कोकम सरबत पिऊन आम्ही होडीने परत आलो आणि जेटीवर उतरताच पहिली टपरी समोर उभी.

ही टपरी पर्यटकांसाठीच मांडलेली. बर्फावर सुरमई, पापलेट, मोठी कोळंबी, शेवंड. बोट दाखवा, तुकडा पाडतात, रवा लावून तव्यावर टाकतात. ट्रकमालकाने सगळ्यात लांब सुरमई निवडली आणि बिल बघून दुकानदाराचा घास अडकला. मासा चांगला होता, ताजा मात्र नव्हता. मसाला प्रामाणिक, बर्फ जुना. या टपरीचा इतिहास तीस वर्षांच्या आतला. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे सबंध मार्गावर सुरू झाली. त्याच्या आधी मालवणात ताजा मासा परक्या माणसाला रांधून विकायचा, हा एवढा मोठा धंदा नव्हता. मासळी लिलावात जायची, तिथून बर्फाच्या पेटीतून मुंबई-गोव्याला.

दुसरी जागा दांडीच्या किनाऱ्यावर, झावळ्यांच्या मांडवात. मी सवयीने सुरमई विचारली. सुरमईला तिकडे इसवण म्हणतात. काकू चुलीवरून मान वर न करता म्हणाल्या, "आज बांगडेच गावले. इसवण व्हयी तर होटेलात जावा." बांगड्याचं तिखलं आलं, त्यात तिरफळं. जिभेला मुंग्या आल्या आणि शाळामास्तर पहिल्यांदाच गप्प झाले. इथली मासळी रापणीची. किनाऱ्यापासून होडीने अर्धगोलात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगांनी ते वाळूवर ओढून आणायचं. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याला वाटा, होडीला वाटा. ही पद्धत डिझेलच्या कितीतरी आधीची आणि किनाऱ्याजवळ जे येईल तेच तिच्यात मिळतं. म्हणून काकूंचा फळा रोज बदलतो. काही दिवस तर त्यावर काहीच नसतं.

तिसरी जागा तारकर्लीच्या वाटेवर, एका घराच्या पडवीत. चार टेबलं, तांदळाची भाकरी, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. मालकीणबाईंचं निम्मं आयुष्य लालबागला गेलेलं, आणि त्यांच्या ताटाचा इतिहास मला सगळ्यात मोलाचा वाटला. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातले पुरुष एकएकटे राहत. त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या बायका म्हणजे खाणावळवाल्या. चाळीतल्या एका खोलीत दोन पाळ्यांच्या माणसांची ताटं. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि जेवणारेच गेले. कितीतरी कुटुंबं गावाला परतली. आज मालवणी जेवण म्हणून आपण जे खातो, त्यामागचं उधारी सांभाळून, माप धरून, अनोळखी माणसाला वेळेवर वाढायचं तंत्र बऱ्याच अंशी गिरणगावात शिकलेलं आहे. त्या पडवीत हिशेब वहीत लिहिलेला होता. दुकानदाराने तो वाचला आणि खूश होऊन आणखी एक सोलकढी मागवली.

परतीच्या वाटेवर गाडीत मतदान झालं. ट्रकमालक जेटीच्या बाजूने, शाळामास्तर दांडीच्या, दुकानदार पडवीच्या. माझं मत मी फोंडा घाट चढून होईपर्यंत राखून ठेवलं, कारण मला वेगळाच हिशेब लागत होता. घाटावरच्या माणसाकडे शेकडो वर्षं मासळी चालत येत होती, मिठात किंवा उन्हात वाळून. त्यासाठी ती स्वस्तात, भरपूर मिळणारी आणि टिकणारी असावी लागे. आता रस्ता झाला, माणूसच मासळीकडे जायला लागला, आणि त्याला मोठ्या नावाचा ताजा मासा हवा असतो. तोही ठरल्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी. ती मागणी बर्फ भागवतो, आणि बर्फाच्या मागे ट्रॉलर आणि मासळीचा अख्खा थवा घेरणारी पर्ससीन जाळी असतात. मालवणच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे. २०१६ साली राज्य सरकारने पर्ससीनच्या परवान्यांवर आणि हंगामावर मर्यादा घातली. तरी दांडीच्या रापणीला रिकामं जाळं आलं की काकूंना त्याचं कारण आपल्याला सांगावंसं वाटतं, आणि ते ऐकायला आपण थांबत नाही.

माझं मत दांडीला. चव तिन्हीकडे होती. पण "आज हे नाही" असं गिऱ्हाइकाला सांगण्याची हिंमत तिथेच होती, आणि मासळीच्या धंद्यात ताजेपणाचा दुसरा पुरावा नाही. तुम्ही कधी बेटावर किंवा किनाऱ्यावर गेलात तर यादी बघून मासा मागू नका. आज काय लागलं ते विचारा, आणि बांगडा किंवा तारली म्हणाले तर आनंदाने बसा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी लांबलचक सुरमई ताजी म्हणून वाढली तर ती कुठून आली हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. आणि तेव्हा खरंच मासे खायची इच्छा झाली तर आठवडी बाजारात सुकट घेऊन बसलेल्या बाईकडे जा. भाव करा, पण फार ताणू नका. तिच्या पोत्याला लगेज तिकीट लागलेलं असतं.